शेजारच्या काकू तुमच्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून बोलल्या तर
आधी वाद घालू नका. काकूंना एवढंच विचारा, "नेमकं कधी भुंकतं?" दुपारी भुंकत असेल तर बहुतेक ते गच्चीवर बांधलेलं असतं. परभणीच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, फरशी पोळते, भांड्यातलं पाणी कढत होतं, ओरडणारच ते! खाली सावलीत आणा. रात्री भुंकत असेल तर गेटच्या खालच्या भागाला पत्रा लावा, गल्लीतली मोकाट कुत्री दिसेनाशी झाली की बराच फरक पडतो. संध्याकाळी दमेपर्यंत फिरवा. भुंकल्यावर खेकसू नका, त्याला वाटतं मालकही सोबतीला भुंकतोय. गप्प बसलं की लगेच भाकरीचा तुकडा द्या. आणि हो, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या तशा सूचना आहेत. पण हे काकूंना पहिल्याच दिवशी ऐकवू नका.