बंदूक, भीती आणि भागाकार

प्रश्न : वाघोलीकडे माझा जमीन खरेदी-विक्रीचा धंदा आहे. पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज करतोय. मित्र म्हणतो, घरात बंदूक आली की मरायचा धोका ४३ पट वाढतो. खरंय?

उत्तर : आकडा खरा, अर्थ चुकला. १९८६ साली अमेरिकेतल्या सिएटल परिसराच्या नोंदींवरून तो निघाला. घरातल्या बंदुकीने स्वसंरक्षणात एक माणूस मारला गेला, तर आत्महत्या, खून आणि अपघात धरून ४३ जण मेले, इतकंच त्यात आहे. धोका किती पट वाढला हे कळायला बंदूक नसलेली घरंही मोजावी लागतात. शिवाय बंदूक नुसती दाखवून पळवलेला चोर या हिशेबात कुठेच येत नाही.

हा मुद्दा तुमच्या बाजूचा, पण लगेच खूश होऊ नका. त्या ४३ पैकी ३७ आत्महत्या होत्या. पुढे कॅलिफोर्नियात २.६३ कोटी प्रौढांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या. पिस्तूल घेतलेल्या पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण न घेतलेल्यांच्या तिपटीहून जास्त निघालं, स्त्रियांत सात पट. ‘ज्याला मरायचंय तो काहीही करून मरतो’ असं आपण म्हणतो. तसं असतं तर या मंडळींत इतर मार्गांनी केलेल्या आत्महत्याही जास्त दिसल्या असत्या. त्या दिसल्या नाहीत. वाईट घटका बहुतेकदा टळते. हाताशी पिस्तूल असलं तर टळायला वेळच मिळत नाही. तेव्हा अर्जाआधी चोराचा विचार कराच, पण धंदा बुडाला त्या रात्रीचाही करा. (तशी रात्र आलीच, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे : १४४१६.)

प्रश्न : ‘तुझ्याच रक्षणासाठी’ म्हणत नवरा पिस्तूल घेतोय. मी निर्धास्त राहू का? (कोथरूड)

उत्तर : कॅलिफोर्नियातच २०२२ साली पिस्तूलवाल्यांसोबत राहणाऱ्या, पण स्वतःकडे ते नसलेल्या माणसांचा अभ्यास झाला. जोडीदाराकडून घरात गोळी लागून मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सातपट होतं, आणि असे बळी बहुतांश स्त्रियाच. मूळ आकडा फार लहान आहे, सातपट होऊनही लहानच राहतो. शिवाय अमेरिकेत शंभर माणसांमागे १२० बंदुका, आपल्याकडे अंदाजे पाच. त्यामुळे ‘सात’ जसाच्या तसा कोथरूडला आणू नका. पण घरात दारू, संशय, हात उगारणं यातलं काहीही असेल, तर ‘नको’ म्हणायला तुम्हाला कुठल्याच आकड्याची गरज नाही.

प्रश्न : २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. मग बंदुकीचंच एवढं कौतुक का? (विद्यार्थी, हडपसर)

उत्तर : भागाकार विसरलात. किती मेले याला ती वस्तू किती जणांकडे आहे याने भागायचं असतं. पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघापेक्षा दुचाकीने कितीतरी जास्त माणसं मरतात. म्हणून वाघ पाळणं सुरक्षित ठरत नाही.

प्रश्न : आजोबांची बारा बोअरची दुनळी सासवडच्या घरी भिंतीवर आहे. परवाना त्यांच्या नावावर होता, ते गेल्या वर्षी वारले. शोभेला राहू दे ना?

उत्तर : नाही. इथे संख्याशास्त्र नको, कायदा पुरे. परवान्याशिवाय ती घरात ठेवणं गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. हवीच असेल तर वारस म्हणून रीतसर अर्ज करा. आणि काडतुसं कुठे आहेत ते आजच शोधा. माळ्यावरचे डबे सुट्टीत आलेली नातवंडंच आधी उघडतात.