जपानला जायचंय कुणाला?

तुमचं पत्र मिळालं. मुलगी २४ वर्षांची, इंग्रजीत बी.ए., मग बी.एड. सध्या तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते. तिने जपानमध्ये इंग्रजीची शिक्षिका म्हणून जावं अशी तुमची इच्छा आहे. चार लाखांत ‘हमखास’ पाठवणारा एजंटही भेटलाय. तिच्या पगारातून घराचे हप्ते फिटतील, धाकट्याच्या इंजिनिअरिंगची फी निघेल, आणि ती तिकडे कायम झाली की त्यालाही बोलावून घेईल, असा सगळा हिशेब तुम्ही मांडलाय. पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे : “मॅडम, तिथे मला खरंच शिकवायला मिळेल का?”

मी अडले ती या ओळीपाशी. एवढ्या लांबलचक पत्रात मुलीला काय वाटतं, याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. तिला जपान आवडतं का, एकटीने राहायची तिची तयारी आहे का, काहीच नाही. हप्ता किती, फी किती, हे मात्र रुपयांत आहे. राग मानू नका, पण कर्ज तुम्ही घेतलंत आणि ते फेडायला तिला परदेशी धाडायचं ठरवलंत, तेही तिला न विचारता. मुलगी विरोध करत नाही म्हणजे तिची संमती आहे, असं धरून चालू नका. आपल्याकडच्या गुणी मुली बापाच्या कर्जापुढे गप्प बसतात, हे मी रोज बघते.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, हा इथला रस्ता तुम्हाला माहीत आहेच. तो सोडून देऊ नका, एवढंच सांगते.

आता तुमचा मोठा गैरसमज. जपानच्या सरकारी शाळांत परदेशी तरुणांना इंग्रजीसाठी नेणारी ‘जेट’ ही सरकारी योजना १९८७ पासून आहे. तिच्यात बहुतेक जण ‘एएलटी’ म्हणून जातात, म्हणजे सहायक भाषाशिक्षक. वर्गाची जबाबदारी तिथल्या जपानी शिक्षकाची असते आणि सहायक त्याच्या सोबतीने शिकवतो. म्हणूनच या कामाला बी.एड. लागत नाही, कुठल्याही विषयाची पदवी चालते. करार एकेका वर्षाचा, आणि वाढवत नेला तरी जास्तीत जास्त पाच वर्षांचा. त्यात ‘कायम’ होणं नाही. अर्जाला फी नाही, तो जपानच्या दूतावासाकडे करायचा असतो आणि जाण्याचं तिकीट योजनेतून मिळतं. मग एजंट चार लाख कशाचे घेतोय? भारतातून निवडले जाणारे अगदी मोजके, त्यामुळे ‘हमखास’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खासगी कंपन्याही असे सहायक शाळांना पुरवतात, पण तिथे पगार सहसा कमी असतो, आणि काही ठिकाणी शाळेच्या सुट्ट्यांत तो कापलाही जातो. कर, विमा, निवृत्तिवेतनाची कपात आणि घरभाडं वजा करून उरेल त्यातून घराचा हप्ता आणि धाकट्याची फी दोन्ही भागवायची म्हटलं, तर ती तिथे जगणार कशी?

आपल्या माणसाने तिथल्या शिक्षणात पुढे जाणं अशक्य आहे, असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा विभागात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पण त्यामागे अनेक वर्षांचं वास्तव्य आणि अस्खलित जपानी आहे. धाकट्याला बोलावून घेण्याच्या बेताला हे उदाहरण लावू नका.

यापुढचं तुमच्या मुलीसाठी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : मिळेल, पण अर्धंमुर्धं. कुठल्या शाळेत एकेका वर्गावर आठवड्यातून एकदाच जाशील, कुठे जपानी शिक्षिका सगळा धडा तुझ्यावर सोपवेल, तर कुठे फक्त उतारा मोठ्याने वाचून दाखवायला उभी करेल. २०२० पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, त्यामुळे प्राथमिक शाळेत काम भरपूर असतं. दारात चपला काढून शाळेतले वेगळे बूट घालायचे. शिक्षकांच्या मोठ्या खोलीत तुझं एक टेबल असेल आणि भोवती दिवसभर जपानी चालू राहील. दुपारी मुलंच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वर्गात जेवण वाढतात, सगळ्यांचं वाढून झालं की हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणतात, आपल्या ‘वदनी कवळ’सारखं, आणि मगच घास घेतात. तूही त्यांच्यातच बसून जेवशील. तू शाकाहारी आहेस असं बाबांनी लिहिलंय. साध्या भाजीच्या सूपमध्येही बहुतेकदा माशाचा अर्क असतो, तेव्हा शाळेला आधीच सांगून स्वतःचा डबा न्यावा लागेल. जेवणानंतर झाडू-फडकी घेऊन मुलं वर्ग स्वच्छ करतात. मुलांशी खरी ओळख त्या वेळात होते, पाठ्यपुस्तकाच्या तासाला कमी.

शाळेनंतरचा वेळ मात्र कठीण असतो. नेमणूक तोक्योतच होईल असं नाही. डोंगराकडचं छोटं गाव मिळालं तर संध्याकाळी बस संपते, हिवाळ्यात घर गारठतं, कचऱ्याचे वार आणि पिशव्या ठरलेल्या असतात, आणि मराठी ऐकायला फोनशिवाय कुणी नसतं. काही मुली अशा गावात फुलतात, काही सहा महिन्यांत मिटून जातात. तुझं काय होईल ते तुझ्या स्वभावावर आहे. जपानी येणं या अर्जाला बंधनकारक नाही, तरी जाण्याआधी निदान एन-फाइव्ह, एन-फोर या जपानी भाषा परीक्षेच्या सगळ्यांत सोप्या दोन पातळ्यांपर्यंत शिकून घे. परीक्षेचं केंद्र पुण्यात आहे.

अर्जासोबत तुला जपानला का जायचंय यावर निबंध द्यावा लागतो. या आठवड्यात तो मराठीत लिहून बघ, घराचा हप्ता आणि भावाची फी हे शब्द न वापरता. एक पान भरलं तर अर्ज जरूर कर आणि पहिल्या वर्षाचा पगार स्वतःच्या खात्यात ठेव. नाही भरलं तर जाऊ नकोस, बी.एड. झालेल्या मुलीला इथेही वर्ग आहेत. लिहिलेलं मला पाठव, मी वाचून मत कळवेन. बाबांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव.