रोख बक्षिसाच्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी

पाणी शुद्ध करणाऱ्या स्वस्त उपकरणासाठी एका संस्थेने मोठे रोख बक्षीस जाहीर केले आहे, तुमचा दोघांचाच लहानसा उद्योग आहे, आणि साठवलेली सगळी पुंजी त्या स्पर्धेत घालावी का, असे तुम्ही विचारले आहे. अशा बक्षिसांमुळे खरोखर काही नवे निर्माण होते का, हाही तुमचा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, परंतु ते नवे कोणाच्या पैशाने निर्माण होते हे आधी पाहायला हवे.

अनुदानात पैसे आधी मिळतात आणि प्रयोग फसला तर देणाऱ्याचे नुकसान होते. बक्षिसात काम सिद्ध झाल्यावरच पैसे मिळतात, त्यामुळे फसण्याची सारी जोखीम स्पर्धकाच्या अंगावर येते. खासगी अंतराळयानासाठी ठेवलेले 1 कोटी डॉलरचे अन्सारी एक्स प्राइझ 2004 मध्ये 'स्पेसशिपवन'ने जिंकले. त्या यानावर 2 कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता आणि तो मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी उचलला होता. एकूण 26 संघ उतरले होते. उरलेल्या 25 जणांचा खर्च त्यांचा त्यांनीच सोसला. अॅलन यांना तो तोटा परवडणारा होता, तुम्हाला परवडणार नाही.

पण कमी पैशात जिंकल्याचेही उदाहरण आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. केवळ माणसाच्या बळावर चालणाऱ्या विमानासाठी ब्रिटिश उद्योगपती हेन्री क्रेमर यांनी 1959 मध्ये बक्षीस ठेवले. पुढे त्याची रक्कम 50 हजार पौंडांवर गेली, तरी 18 वर्षे ते कोणालाच मिळाले नाही. बरेचसे संघ महिनोन्महिने खपून नाजूक, देखणे विमान बांधत आणि एका अपघातात ते मोडले की दुरुस्तीत पुन्हा कित्येक महिने जात. अमेरिकन अभियंते पॉल मॅक्रेडी यांनी अॅल्युमिनियमच्या पातळ नळ्या, तारा आणि प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म एवढ्यावर भागवले. विमान पडले की नळी जोडायची, चिकटपट्टी लावायची आणि पुन्हा उडवून पाहायचे. इतरांना वर्षभरात जेवढे प्रयोग जमत, तेवढे त्यांचे थोड्या दिवसांत होत. 23 ऑगस्ट 1977 रोजी त्यांच्या 'गॉसमर काँडोर'ने अर्ध्या मैलावरच्या दोन खुणांभोवती इंग्रजी आठच्या आकाराची फेरी पूर्ण केली. दुसऱ्याच्या धंद्यासाठी जामीन राहिल्याने सुमारे 1 लाख डॉलरचे कर्ज त्यांच्या डोक्यावर होते आणि म्हणूनच ते या बक्षिसाकडे वळले होते. तरीही प्रत्येक अपयश स्वस्तात पडेल अशी रचना त्यांनी केली. तुमच्या उपकरणाचा नमुना बिघडला, तर तो किती दिवसांत आणि किती खर्चात पुन्हा उभा राहतो, याचा हिशेब म्हणूनच सर्वांत आधी मांडा.

दुसरी गोष्ट नियमांची. समुद्रावर रेखांश, म्हणजे जहाजाचे पूर्व-पश्चिम स्थान, ठरवण्याच्या पद्धतीसाठी ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये 20 हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस ठेवले. निघालेल्या बंदराची अचूक वेळ जहाजावर कळली, तर स्थानिक वेळेशी तुलना करून रेखांश काढता येतो. जॉन हॅरिसन यांचे घड्याळ जमैकापर्यंतच्या 81 दिवसांच्या प्रवासात सुमारे 5 सेकंद मागे पडले, आणि मुभा तर 2 मिनिटांची होती. तरीही परीक्षक मंडळाने तो योगायोग मानून फेरचाचणी मागितली, यंत्राची रचना उघड करायला लावली आणि 1765 मध्ये अर्धीच रक्कम दिली. उरलेल्यापैकी बरीचशी रक्कम हॅरिसन यांना 1773 मध्ये, वयाच्या 80 व्या वर्षी, थेट संसदेकडून मिळाली. इतकी वर्षे ते तग धरू शकले, यात मंडळाने अधूनमधून दिलेल्या आगाऊ रकमांचा मोठा वाटा होता.

मी स्वतः एका स्पर्धेत उतरलो होतो, तेव्हा स्पर्धा अर्ध्यावर आली असताना उपकरणाच्या वजनाची मर्यादा बदलली गेली आणि आमचे सहा महिन्यांचे काम वाया गेले. नियमावलीत 'आयोजकांना निकष बदलण्याचा अधिकार राहील' हे वाक्य होते. आम्ही ते वाचूनही सोडून दिले होते. म्हणून कळकळीने सांगतो, नोंदणीपूर्वी लेखी विचारून घ्या: किती लिटर पाणी, किती काळ, कोणत्या प्रयोगशाळेत तपासले जाणार, वाद झाला तर निर्णय कोण देणार, आणि पेटंटचे हक्क कोणाकडे राहणार. पेटंटचे हक्क आयोजकांकडे जाणार असतील, तर माझ्या मते उतरूच नये, कारण हरलात तरी तुमच्या हातात राहणारी वस्तू तीच असते.

पैशाबाबत माझा सल्ला असा: हे बक्षीस नसतेच, तर ग्राहकांच्या भरवशावर या उपकरणासाठी तुम्ही जेवढे पैसे घातले असते तेवढेच घाला. बक्षिसाची रक्कम जमेच्या बाजूला धरू नका आणि तिच्या आशेवर कर्ज तर मुळीच काढू नका. पहिला नमुना तुम्ही घालणार असलेल्या पैशांच्या छोट्या हिश्श्यात बनवून स्पर्धेबाहेरच्या दोन-तीन वापरणाऱ्यांना महिनाभर द्या. त्यांनी तो परत करताना 'विकत केवढ्याला मिळेल' असे विचारले, तर नोंदणी जरूर करा.