प्रवाळ खाणारे मासे आणि त्यांचे नखरे: वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत. बटरफ्लायफिश किंवा त्याच्यासारखा एखादा मासा आणला, जो समुद्रात जिवंत कोरलचे (प्रवाळाचे) पॉलिप, म्हणजे त्याच्यावरचे बारीक मऊ जीव, टिपून जगतो, आणि तो टँकमध्ये येऊन उपाशी बसलाय. सगळी पत्रं घेणं शक्य नाही, ज्यातून बाकीच्यांनाही काही मिळेल अशी निवडलीयेत.

प्रश्न: ऑर्नेट बटरफ्लाय आणलाय, केशरी तिरक्या पट्ट्यांचा. आठवडा होत आला, फ्लेक दिले, पेलेट दिले, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) दिला, सगळं नाकासमोरून वाहत जातं आणि हा ढुंकून बघत नाही. पण दिवसभर दगडांवर टोच्या मारत फिरतो. मित्र म्हणतो सोड रे, भूक लागली की झक मारत खाईल. खाईल का?

उत्तर: नाही खाणार. मित्राचा नियम क्लाउनफिश, डॅमसेल ह्या सर्वभक्षी लोकांना लागू आहे, ह्याला नाही. ऑर्नेट, मायर्स, शेव्हरॉन, बॅरोनेस, एट-बँड, रेडफिन ही सगळी मंडळी जवळजवळ पूर्णपणे कोरलवर जगणारी आहेत, त्यातला शेव्हरॉन तर इतका हट्टी की अक्रोपोरा (फांद्यांचं एक कोरल) सोडून दुसऱ्या कोरलकडेही फारसा वळत नाही. ह्यांना भूक लागते हो, चांगली लागते, पण समोर आलेली वस्तू खायची असते हेच त्यांना कळत नाही. त्यांच्या लेखी अन्न म्हणजे खडबडीत जागेवर चिकटून बसलेलं बारीक मऊ काहीतरी, जे एकेक करून सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिपत राहायचं. पाण्यातून गटांगळ्या खात येणारा मायसिस हा त्याच्या हिशोबात कचरा आहे. त्यामुळे वाट बघत बसलात तर तो अन्नाने भरलेल्या टँकमध्ये उपाशी मरेल, आणि असे मासे मरतात ते बहुतेक असेच मरतात.

दगडावर टोच्या मारतोय ही मात्र खरंच चांगली बातमी आहे, म्हणजे शोधायची इच्छा अजून शाबूत आहे, तेव्हा अन्न तिथे न्यायचं जिथे तो शोधतोय. मेलेल्या कोरलचा स्वच्छ सांगाडा घ्या, फांद्यांचा असला तर उत्तम. शिंपल्याचं मांस, कोळंबी, मायसिस आणि माशाची बारीक अंडी असं मिक्सरमधून काढून घट्टसर पेस्ट करा, त्यात विरघळवलेलं जिलेटिन किंवा अगार घाला आणि ती सांगाड्याच्या भोकाभोकात बोटाने दाबून बसवा, मग फ्रीजमध्ये ठेवून घट्ट होऊ द्या. हा सांगाडा तो जिथे सगळ्यात जास्त फिरतो तिथेच ठेवायचा, आणि ठेवून लांब जायचं, काचेला नाक लावून उभं राहायचं नाही. दुसरा उपाय म्हणजे जिवंत शिंपला उघडून अर्ध्या शिंपेवर तसाच आत ठेवणं. ह्यावर भलेभले हट्टी मासे मोडतात. तिसरा, जिवंत ब्राइन श्रिम्प, पण तो फक्त आमिष म्हणून, कारण हलतं ते बघून मासा तोंड उघडतो इतकाच त्याचा उपयोग, पोषण त्यात फारसं नाही, आधी फॅटी अ‍ॅसिडवालं एन्रिचमेंट खाऊ घातलं असेल तर थोडं बरं.

तुमच्याकडे किंवा ओळखीच्या कोणाकडे अक्रोपोराचे तुकडे तुटून पडत असतील तर ते पहिल्या दिवसांत सोन्यासारखे वापरा. आधी जिवंत तुकडा द्यायचा, तो टिपायला लागला की शेजारी पेस्टवाला सांगाडा, मग हळूहळू जिवंत कमी आणि पेस्ट जास्त. तो पेस्ट नियमित खायला लागेपर्यंत जिवंत कोरल पूर्ण बंद करू नका. सगळ्यात जास्त माणसं इथेच घाई करतात, एकदा टोच मारली की झालं असं समजून.

आणि दिवसातून एकदा ताट वाढून चालणार नाही. पाच-सहा वेळा थोडं थोडं. शिंपला किंवा पेस्ट तास-दोन तासांत बाहेर काढा, नाहीतर अमोनिया वाढून भुकेच्या आधी पाणीच मारेल.

खातोय की नुसता टोचतोय हे पोटावरून ठरवू नका, मासा समोरून तुमच्याकडे तोंड करून येईल तेव्हा डोक्यामागचा भाग बघा. तिथे खड्डा पडून पाठ सुरीसारखी धारदार दिसायला लागली की चरबी संपून स्नायू वापरले जातायत. त्या अवस्थेतून मासे क्वचित परत येतात, म्हणून जे करायचं ते आज करा.

प्रश्न: मासा लांबून पार्सलने येणार आहे, पिशवीत बराच वेळ असेल. नाजूक मासा म्हणून ड्रिप (पिशवीत टँकचं पाणी थेंब थेंब सोडणं) चार तास लावू का सहा तास?

उत्तर: अर्धा तासही लावू नका! नाजूक म्हणजे जास्त वेळ ड्रिप हे समीकरण कुठून पसरलं कुणास ठाऊक, पण लांबच्या पार्सलसाठी ते उलटं आहे. बंद पिशवीत मासा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. त्याच पिशवीत त्याचा अमोनियाही साठत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, जे तुलनेने कमी विषारी. तुम्ही पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यात वरून जास्त पीएचचं टँकचं पाणी थेंब थेंब पडतंय, पीएच चढतो आणि तोच साठलेला अमोनिया विषारी रूपात जातो. म्हणजे तुम्ही प्रेमाने चार तास त्याचे कल्ले भाजताय.

मग करायचं काय, तर पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं क्वारंटाइनच्या (नवा मासा वेगळा ठेवायच्या टँकच्या) पाण्यावर तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळेल. उघडा, लगेच सॅलिनिटी (खारटपणा) मोजा, आणि क्वारंटाइनचं पाणी त्या आकड्याला आणा. शक्य असेल तर पाठवणाऱ्याला आधीच विचारून पाणी तयार ठेवा, कारण पाठवणारे बऱ्याचदा खारटपणा कमी ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या आसपास वगैरे. मग मासा आत, पिशवीचं पाणी बाहेर. जाळी वापरू नका, बटरफ्लायचे काटे जाळीत अडकतात, प्लास्टिकच्या डब्याने उचला. नंतर सॅलिनिटी रोज ०.००१ ते ०.००२ ने वाढवत १.०२५ ला न्या. खाली उतरवणं माशाला लवकर सोसतं, वर चढवणं सोसत नाही. पहिला दिवस दिवे बंद, खोलीतला उजेड पुरे.

आणि लांबच्या पार्सलने शेव्हरॉन किंवा मायर्स मागवताय का ते लिहिलं नाहीत. असलं काही असेल तर माझं स्पष्ट मत, मागवू नका. असा मासा प्रत्यक्ष खाताना बघितल्याशिवाय घेऊच नये, किमान व्हिडिओ तरी मागा, आणि व्हिडिओत नेमकं काय खातोय ते नीट बघा.

प्रश्न: कॉपरबँड बटरफ्लाय पण कोरल खाणाराच ना? आमच्या टँकमधली सगळी एपटेशिया (उपद्रवासारखी पसरणारी छोटी अ‍ॅनिमोन) साफ केली त्याने, आम्ही खूश होतो, आणि आता काहीच खात नाही आणि रोडावलाय. टँकमध्ये दोन मोठे टँग मासे पण आहेत.

उत्तर: कॉपरबँड कोरलवर जगणारा नाही. ते लांब नाक कपारीतून किडे आणि छोटे कवचवाले प्राणी ओढून काढायला आहे. एपटेशिया हे त्याचं एक जेवण होतं, ते संपलं, आणि तुम्ही पुढचं वाढलं नाहीत. इतकं सरळ आहे ते. हा ऑर्नेटपेक्षा कितीतरी शिकाऊ मासा आहे, अर्ध्या शिंपेवरचा शिंपला, जिवंत ब्लॅकवर्म, मग मायसिस, ह्या क्रमाने बहुतेक लागतो.

पण तुमचा खरा प्रॉब्लेम शेवटच्या वाक्यात आहे. टँग वाघासारखे तुटून पडतात, कॉपरबँड आधी वाकून बघतो, विचार करतो, परत बघतो, तोपर्यंत ताट साफ. त्याला टँकमध्येच भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा आणि खाणं फक्त डब्यात टाका. टँगना तो दिसत राहील म्हणजे नंतर सोडल्यावर मारामारीही कमी होईल. फेदर डस्टर किड्यांवर आणि जिवंत क्लॅमवर त्याची नजर जाईल हे गृहीत धरा.

प्रश्न: माझ्याकडे अक्रोपोराचा भरलेला रीफ टँक आहे, वाढ पण चांगली आहे. ऑरेंज-स्पॉटेड फाईलफिशची जोडी ठेवायची इच्छा आहे. कोरल आहेच तर खायचा प्रश्नच नाही ना?

उत्तर: फाईलफिशच्या बाजूने नाही, कोरलच्या बाजूने आहे. तुमची जी वाढ तुम्हाला चांगली वाटते ती जोडीच्या रोजच्या टिपण्याच्या पुढे टिकेल असं वाटत नाही. आधी फांद्यांचे पॉलिप दिसेनासे होतील, मग टोकं पांढरी. मासा सुंदर आहे ह्यात वाद नाही, आणि विलक्षण पण, कारण तो जे अक्रोपोरा खातो त्याचाच वास त्याच्या अंगाला लागतो आणि शिकारी माशांना तो कोरलपासून वेगळा ओळखू येत नाही. २०१४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. दिसायला तर कोरलसारखा आहेच, वासानेही कोरल. असा मासा कोरलवर किती अवलंबून असेल ते तुम्हीच बघा.

तरी ठेवायचीच असेल तर छोटे मासे बघा, मोठे सवय बदलत नाहीत, आणि टँकमध्ये पैदास झालेले कधी मिळाले तर दुसरा विचार करू नका. तोंड इवलंसं असतं म्हणून मायसिस अख्खा टाकून उपयोग नाही, माशाची अंडी, सायक्लॉप्स, नुकते फुटलेले ब्राइन श्रिम्प असं बारीक खाणं, तेही अगदी हळू प्रवाहात. मुख्य टँकमध्ये सोडायच्या आधी वेगळ्या टँकमध्ये हे सगळं खायला लागली पाहिजे. तिथे शिकली नाही तर भरल्या रीफमध्ये अजिबात शिकणार नाही, कारण शिकायची गरजच काय?

प्रश्न: क्वारंटाइनमध्ये असलेल्या रेडफिन बटरफ्लायच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत. कॉपर (तांब्याचं औषध) सुरू करायचं म्हणतोय, पण त्याला खायला कोरलचे तुकडे देतोय. दोन्ही चालेल का?

उत्तर: नाही चालणार. कॉपरमध्ये कोरल मरतं, आणि मेलेलं कोरल पाणी खराब करतं. अजून एक गोष्ट, पेस्ट लावलेला सांगाडासुद्धा कॉपर असताना आत ठेवू नका, कॅल्शियम कार्बोनेट कॉपर शोषून घेतं आणि तुमचं प्रमाण टेस्ट किटवर वरखाली होत राहतं. त्या काळात पेस्ट खडबडीत केलेल्या प्लास्टिकच्या पाइपवर लावा.

ठिपके खरंच क्रिप्टोकॅरिऑन ह्या परजीवीचे असतील, म्हणजे मिठाच्या कणांसारखे मोजता येणारे, तर अजून पेस्टवर न आलेल्या माशासाठी मी टँक बदलायची पद्धत आधी बघेन. दर ७२ तासांच्या आत मासा पूर्ण कोरड्या, स्वच्छ टँकमध्ये नव्या पाण्यात हलवायचा, एकूण चार वेळा, म्हणजे परजीवीची गळून पडलेली गाठ फुटायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो. ह्यात औषध नाही म्हणून कोरलचे तुकडे देता येतात, फक्त प्रत्येक बदलात नवे तुकडे, जुने बरोबर न्यायचे नाहीत, त्यांच्या बुडाला गाठी चिकटलेल्या असू शकतात. नवे तुकडेही अशा टँकमधून घ्या जिथे निदान सहा आठवडे एकही मासा नव्हता, बरेच जण ७६ दिवस धरतात.

पण अंगावर पिठासारखी बारीक धूळ असेल, श्वास जोरात चालू असेल आणि मासा प्रवाहाच्या तोंडाशी उभा राहत असेल तर तो वेल्वेट, म्हणजे दुसऱ्याच परजीवीचा रोग, आहे, तिथे टँक बदलून भागत नाही आणि थांबायला वेळही नाही. कोरल काढा, कॉपर सुरू करा, खाण्याचं नंतर बघू.

प्रश्न: लसणाचा रस घातला की सगळे मासे खातात असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर: जो मासा अन्नाला अन्न मानतो त्याला कधी कधी चाळवतो. जो मानतच नाही त्याच्यासाठी नुसता कचऱ्याला लसणाची फोडणी. पैसे शिंपल्यांवर खर्च करा.