टॅपिंगसाठी रात्रभर ठेवून घेत असतील तर आधी कारण विचारा

ताई, तुमच्या आईंबद्दल वाचलं. ओव्हरीचा कॅन्सर, केमो चालू, पोटात पाणी साठून ते नगाऱ्यासारखं ताठ, आणि विमा डेस्कवरचा माणूस सांगतोय की २४ तास ॲडमिट राहिलात तरच पाणी काढण्याचा क्लेम पास होईल. हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले. मी पेशंट आहे, डॉक्टर नाही आणि विमा एजंट तर नाहीच, तेव्हा त्या हिशोबाने वाचा.

टॅपिंगचं, म्हणजे नळी घालून पोटातलं पाणी काढण्याचं, फार टेन्शन घेऊ नका. भुलीचं इंजेक्शन चरचरतं, नळी आत जाताना दाब जाणवतो, बस. पहिला एखादा लिटर निघाला की श्वास मोकळा होतो. मला तर तिथेच भूक लागायची. चार-पाच लिटर निघायला काही तास पुरतात. बाकी सगळं ठीक असेल तर सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो.

आता विम्याचं. आमच्या टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या मधल्या संस्थेने (नाव लिहीत नाही), फोनवर हीच २४ तासांची अट घातली. मग वॉर्डने त्यावर शक्कल काढली. दुपारी पाणी छान येत होतं, पाणी जमा होणारी पिशवी (युरोबॅग) भरत आली होती, आणि सिस्टरांनी येऊन नळीचा चाप बंद केला. "उरलेलं उद्या काढू, म्हणजे फाइलमध्ये दोन दिवस दिसतील." पोट अर्धं भरलेलं, बाजूला चिकटवलेली नळी, कूस बदलायची सोय नाही, आणि शेजारच्या बेडवर रात्रभर खोकणाऱ्या आजी. केमोमुळे माझ्या पांढऱ्या पेशी आधीच खाली होत्या. घरी आल्यावर ताप भरला, अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि पुढची केमो लांबली. ताप त्या रात्रीमुळेच आला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण माझा संशय आजही गेलेला नाही. आणि एवढं करून क्लेम नाकारलाच! कारण काय, तर "भरती करण्याची गरज नव्हती". म्हणजे आधी राहायला लावायचं आणि मग राहिलात का म्हणून विचारायचं.

तर आधी पॉलिसीत 'डे केअर'ची व्याख्या शोधा. बहुतेक पॉलिसींत ती साधारण अशी असते: जनरल किंवा लोकल भूल देऊन केलेली, नव्या तंत्रामुळे २४ तासांच्या आत आटोपणारी प्रक्रिया, ओपीडीतले उपचार मात्र धरत नाहीत. गोची इथेच होते. लोकल भूल तर आईंनाही देणार, पण कागदावर 'ओपीडी प्रोसिजर' असं लिहिलं गेलं की संपलं. म्हणून डॉक्टरांशी आधी बोला. डे केअर ॲडमिशन असेल तर डिस्चार्ज कार्डावर तसं स्पष्ट हवं, शिवाय लोकल भूल, सोनोग्राफी आणि किती लिटर काढलं हेही हवं. नकार लेखी मागा, फोनवरचं बोलणं कुठेच चालत नाही. कंपनीच्या तक्रार कक्षाकडून महिनाभरात काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

माझं मत विचाराल तर, एका टॅपिंगचा खर्च झेपत असेल तर खिशातून भरा आणि आईंना रात्री स्वतःच्या गादीवर झोपू द्या. प्रत्येकाच्या खिशाचा प्रश्न वेगळा, कबूल. आणि बीपी खाली जातंय, किडनीचे रिपोर्ट बिघडलेत म्हणून डॉक्टरच ठेवून घेत असतील तर मुकाट्याने राहा, तिथे माझं ऐकू नका.

बिलात अल्ब्युमिन (शिरेतून देतात ते प्रोटीन) दिसलं तर का लावलं ते विचारा. ५ लिटरच्या वर पाणी काढलं की लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम, हा हिशोब मुळात सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे लिव्हर खराब झालेल्या, पेशंटचा. कॅन्सरच्या पाण्यात ते प्रत्येकाला लागतंच असं नाही, आणि २० टक्क्यांची १०० मिलीची बाटली म्हणजे फक्त २० ग्रॅम, तेव्हा एकीवर भागत नाही. बाटली स्वस्त नसते.

तसंच मिठाचं. लिव्हरच्या जलोदरात मीठ कमी केल्याने फरक पडतो. पोटाच्या अस्तरावर कॅन्सर पसरल्यामुळे पाणी होत असेल तर सहसा फारसा पडत नाही. माझ्या सासरी अळणी वरणाचा इतका आग्रह झाला की होती नव्हती ती भूकही गेली. आईंच्या डॉक्टरांनी बंदी घातली नसेल तर चवीचं खाऊ द्या. पाण्यातून प्रोटीन जातं, तेव्हा अंडं, पनीर, मुगाचं धिरडं, जे जाईल ते, थोडं थोडं.

नळी काढल्यावर भोकातून पाणी झिरपू शकतं. कपडे भिजतात, माणूस घाबरतो. निघण्याआधी स्टोमा बॅग (पोटावर चिकटवायची पिशवी) लावून मागा आणि त्या बाजूवर झोपू देऊ नका. ताप आला, पोट दुखायला लागलं किंवा चक्कर आली तर मात्र वाट न बघता कॅज्युअल्टी.

केमो लागू पडेपर्यंत पाणी पुन्हा भरू शकतं, म्हणून धाप लागेपर्यंत थांबू नका, पुढच्या वेळी कुणाला फोन करायचा ते आजच विचारून ठेवा. फारच लवकर भरत असेल तर घरीच पाणी काढता येईल अशी कायमची नळी मिळते, महाग आहे. पुण्याच्या जवळपास असाल तर वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह सेंटर आहे (पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारे उपचार), तिथे पैसे घेत नाहीत. शेवटच्या दिवसांतच जायचं ठिकाण अशी समजूत असते, तसं नाही.

पॉलिसीतलं डे केअरचं कलम इथे टाका, नाव-नंबर झाकून. वाचून सांगते.