तिसऱ्या पाळीचा आठवडा आणि शनिवारची पाखरे

प्रश्न : मी २६ वर्षांचा यांत्रिकी अभियंता असून अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात उत्पादन विभागात नोकरी करतो. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुसरी ३.३० ते रात्री १२ आणि तिसरी १२ ते सकाळी ७ अशी असते व दर आठवड्याला ती बदलते. एम.टेक.साठी फेब्रुवारीत ‘गेट’ परीक्षा द्यायची आहे आणि हातात जेमतेम वीस आठवडे उरले आहेत. गेल्या वर्षी रोज रात्री दोन तास अभ्यास करण्याचा निश्चय केला होता, परंतु तो महिनाभरही टिकला नाही. सुट्टी शनिवारी असते आणि हिवाळ्यात मी दर शनिवारी मोटारसायकलने नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहायला जातो. यंदा ते पूर्ण बंद करावे, असे वडिलांचे मत आहे. नोकरी सोडून पुण्याला शिकवणी लावावी, असे मित्र सांगतात. शिवाय मी टिपणे मराठीत काढतो आणि त्यावरून सहकारी मला वेड्यात काढतात. मी काय करावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला माझी उमेदीची वर्षे आठवली. मीही तीन पाळ्यांत काम केले आहे आणि तिसरी पाळी संपवून आल्यावर चहा घेऊन पुस्तक उघडण्याचा हट्ट मीही केला आहे. अर्ध्या तासाने त्याच पानावर डोके टेकलेले असे. त्या काळात मी स्वतःला आळशी समजत होतो आणि तुमच्या पत्रातही तोच सूर आहे, म्हणून आधी एवढेच सांगतो की गेल्या वर्षी चुकले ते वेळापत्रक, तुमची इच्छाशक्ती नव्हे. ‘रोज रात्री दोन तास’ हा निश्चय ज्याची रात्र रोज एकाच वेळी येते त्याच्यासाठी ठीक आहे. तुमची रात्र तर दर आठवड्याला जागा बदलते.

आपल्या शरीरात दिवसरात्रीचे एक घड्याळ असते. ते पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः प्रकाशावर जुळते आणि ते सरकायला काही दिवस लागतात, त्यामुळे तुमचे शरीर तिसऱ्या पाळीला जरा रुळते न रुळते तोच आठवडा संपतो. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली उतरलेले असते आणि दिवसा घेतलेली झोप सहसा तुटक व अपुरी होते. म्हणून तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात नवा विषय हाती घेऊच नका. घरी आल्यावर हलके खाऊन साडेआठपर्यंत अंथरुणावर पडा, खिडकीला जाड पडदा लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दुपारी एकपर्यंत दाराची घंटा वाजली तर दार तिनेच उघडावे, असे आईला सांगून ठेवा. संध्याकाळी एक तास केवळ उजळणी करा.

खरा अभ्यास दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात होईल. बहुतेक कामगार या पाळीला कंटाळतात, कारण संध्याकाळ हातची जाते, पण विद्यार्थ्यासाठी मला तीच सर्वांत चांगली वाटते. रात्री साडेबारा-एकला घरी पोहोचून आठपर्यंत झोपलात, तर नऊ ते बारा हे तीन तास ताज्या डोक्याने मिळतात आणि पाळीला निघण्यापूर्वी जेवायलाही सवड राहते. पहिल्या पाळीत साडेचार-पाचला घरी आल्यावर थोडी विश्रांती घेऊन साडेसहा ते साडेआठ असे दोन तास धरा. आठवड्याचे सहा दिवस मोजले, तर दुसऱ्या पाळीत १८, पहिलीत १२ आणि तिसरीत ६ तास होतात. वीस आठवड्यांत पहिली व दुसरी पाळी प्रत्येकी सात वेळा आणि तिसरी सहा वेळा आली, तर ही बेरीज २४६ तासांची होते आणि काही शनिवारचे तास मिळवले की ती पावणेतीनशेच्या पुढे जाते. एवढ्या तासांसाठी नोकरी सोडण्याची गरज मला दिसत नाही. परीक्षेचे गुणपत्रक तीन वर्षे ग्राह्य धरले जाते, तेव्हा यंदा चांगले गुण मिळाले तरी लगेच राजीनामा द्यावा लागेल असेही नाही. शिकवणीचा प्रश्न पुढच्या वर्षी आकडे पाहून सोडवता येईल.

तास कशावर घालवायचे, हेही पाहू. प्रश्नपत्रिका ३ तासांची, ६५ प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. यंत्र अभियांत्रिकीत त्यांतले १५ गुण सामान्य क्षमतेचे आणि १३ अभियांत्रिकी गणिताचे असतात. कामावर असलेली मुले या २८ गुणांकडे दुर्लक्ष करून थेट उष्मागतिकीत शिरतात, ही चूक मी वारंवार पाहिली आहे. गणित विस्मरणात गेलेले असते, पण ते सर्वांत लवकर परत येते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. दुसरे म्हणजे, पर्यायी प्रश्नांत एकच पर्याय बरोबर असतो तेव्हा चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, परंतु जिथे एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात किंवा संख्या स्वतः लिहायची असते, तिथे वजाबाकी नसते. तसे प्रश्न कधीही कोरे सोडू नका. गणकयंत्र संगणकाच्या पडद्यावरचेच वापरावे लागते आणि त्याची सवय नसेल तर वेळ जातो, म्हणून सरावालाही तेच घ्या.

आता पाखरांविषयी. हा छंद बंद करू नका, असे मी ठामपणे म्हणेन. नांदूरमध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे पाणथळ क्षेत्र असून २०२० मध्ये ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण आहे. घरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर चक्रवाक आणि थापट्यांचे थवे उतरत असताना तरुण माणसाने तीन महिने तिकडे फिरकायचेच नाही, हे मला पटत नाही. मात्र तुमच्या वडिलांच्या काळजीत तथ्य आहे, फक्त तुम्ही समजता त्याहून ते वेगळे आहे. तिसरी पाळी शनिवारी सकाळी सातला संपते आणि तुम्ही तसेच निफाडच्या रस्त्याला लागत असाल, तर न झोपता चाळीस किलोमीटर जाणे आणि तेवढेच परत येणे जिवावर बेतणारे आहे. दुसऱ्या पाळीनंतरही पहाटे पाचला निघायचे तर झोप फार तर चार तासांची होते. तेव्हा फक्त पहिल्या पाळीनंतरच्या शनिवारी जा. शुक्रवारी रात्री नऊला झोपून पहाटे ताजेतवाने निघा आणि दुपारी घरी या. तीन आठवड्यांतून एकदा म्हणजे नोव्हेंबरपासून परीक्षेपर्यंत चार वेळा जाणे होईल. वडिलांनाही कॅलेंडरवर हे चार दिवस दाखवा. ‘जाणार नाही’ असे सांगून गुपचूप जाण्यापेक्षा ते त्यांना अधिक रुचेल.

छंदाचा अभ्यासाला आणखी एक उपयोग आहे. थापट्या तुम्ही कसा ओळखायला शिकलात, ते आठवून पाहा. पुस्तकातले वर्णन दहादा वाचून ते जमले नसणार. दुर्बिणीतून चमच्यासारखी पसरट चोच दिसली, मनाने एक नाव उच्चारले, मग पुस्तक उघडून पडताळले आणि चुकले असेल तर बरोबर नाव कायमचे लक्षात राहिले. आधी आठवायचे आणि मग पडताळायचे, हीच रीत गणितांना लावा. सोडवलेले उदाहरण पुन्हा वाचू नका, झाकून ठेवून कोऱ्या कागदावर मांडा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करून तो ती किती वेगाने विसरतो, हे मोजत असे आणि त्याला असे दिसले की सर्वाधिक विस्मरण पहिल्या काही तासांतच होते, पण थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली की ते मंदावते. तिसऱ्या पाळीतला तुमचा तो एक तास म्हणूनच मोलाचा आहे, कारण आधीच्या दोन आठवड्यांत शिकलेले त्यामुळे निसटत नाही.

मराठी टिपणांबद्दल कोणी काही म्हणो, ती लिहीत राहा. उष्मागतिकीतली एन्ट्रॉपी म्हणजे काय हे ज्याला आपल्या भाषेत, आपल्या वाक्यांत सांगता येते त्याला ते समजलेले असते, अशी माझी पक्की धारणा आहे. ‘डाय’, ‘जिग’, ‘टॉलरन्स’ हे शब्द कारखान्यात जसे बोलले जातात तसेच देवनागरीत लिहा, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधण्यात वेळ घालवू नका. परीक्षा मात्र इंग्रजीतून असते, म्हणून टिपणे मराठीत आणि सरावाचे प्रश्न इंग्रजीत, अशी विभागणी ठेवा.

दुसऱ्या पाळीचा पुढचा आठवडा संपला की पुन्हा पत्र लिहा. किती तास बसलात ते नको, पुस्तक न पाहता किती उदाहरणे सुटली, तेवढा आकडा कळवा.