हिमगौरी कितव्या मिनिटाला येते? येतच नाही हो ताई

ताई, तुमची पोस्ट वाचून हसू की रडू कळेना. 'हिमगौरीचा दुसरा भाग' म्हणून लेकीला 'द हंट्समन: विंटर्स वॉर' लावून दिलात, पाऊण तास झाला तरी हिमगौरी कुठाय म्हणून तिने भोकाड पसरलं, आणि आता ती कितव्या मिनिटाला येते ते विचारताय. येतच नाही. एकदा पाठमोरी दिसते, तीपण बॉडी डबल. पहिल्या भागातली हिमगौरी, क्रिस्टन स्ट्युअर्ट, हिने या भागात कामच केलेलं नाही.

मी हेच २०१६ ला थिएटरात भोगलंय. भाचीचा सातवा वाढदिवस, सोबत नऊ पोरं. शेजारच्या स्क्रीनला 'जंगल बुक' चालू होता, बहीण म्हणत होती तोच दाखव, पण निम्म्या पोरांचा बघून झालेला म्हणून मी शहाणपणा केला आणि पोरांना सांगून बसलो, हिमगौरी दाखवतो. पोस्टरवर चार मोठे चेहरे होते, त्यात हिमगौरी नाही, हे मला तेव्हा दिसू नये? माझी खरी चूक हीच, बाकी सगळं नंतरचं. इंटरव्हलला पोरं कंटाळली, दोघं घाबरली, म्हणून उरलेल्या वेळाचं काही होतंय का बघायला काउंटरवर गेलो तर म्हणे बुकिंग ऑनलाइन आहे, त्यांना विचारा. त्यांना फोन लावला तर म्हणे थिएटरला विचारा. पाऊण तास या दोघांत टोलवाटोलवी, तोवर पिक्चर संपत आला, आणि हातात काय तर कन्व्हिनियन्स फीची पावती. अर्थात अर्धा पिक्चर बघून पैसे मागणं चूकच, कबूल, पण निदान एकाने तरी सरळ 'नाही' म्हणावं की नाही!

मी काही समीक्षक वगैरे नाही, कुणाला आवडला असेल तर आनंद आहे. पण माझं स्पष्ट मत, हिमगौरीला काढल्यावर तिथे गोष्टच उरत नाही. पहिल्या भागात (२०१२) एरिकची, म्हणजे त्या हंट्समनची (शिकाऱ्याची), बायको सारा मेलेली आहे, त्या दुःखात तो दारू पितो आणि शेवटी हिमगौरीला जाग येते ती त्याच्याच किसने. दुसऱ्यात कळतं की सारा जिवंत आहे, बर्फाच्या भिंतीत दोघांना खोटं दृश्य दाखवलेलं. मग तो किस कशासाठी होता बाबा? आणि राणीला पहिल्यात भाऊ होता, इथे अचानक बहीण उगवते, बर्फाची राणी. दिग्दर्शक सेड्रिक निकोलस-ट्रोयान हा पहिल्या भागाचा व्हिज्युअल इफेक्ट्सवाला माणूस, त्यामुळे बर्फ, सोनं, आरसा सगळं झकास. शार्लीझ थेरॉन, एमिली ब्लंट या दोघी राण्या जीव तोडून काम करतात, कपडे तर बघतच राहावेत. पण कुणासाठी जीव टांगणीला लागावा असं कोणी नाही. पहिल्याने जगभरात जवळजवळ ४० कोटी डॉलर कमावले, याने साडेसोळाच्या आसपास, आणि खर्च साडेअकरा कोटी. आश्चर्य नाही.

जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बर्फाची राणी आणली परीकथावाल्या हान्स अँडरसनच्या १८४४ च्या गोष्टीतून, पण त्यातली गेर्डा आणलीच नाही. मित्राच्या डोळ्यात आरशाचा तुकडा जातो, काळजातही एक रुततो, तो सगळ्यांशी तुसडा वागायला लागतो, आणि ही एवढीशी पोरगी त्याला शोधत पार उत्तरेला जाते. तुमच्या लेकीला ती गोष्ट रात्री सांगा, आरसाही मिळेल आणि राणीही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आधी पहिला भाग दाखवू का? माझ्या मते नको. त्यात राणी जिवंत मुलींचं तारुण्य ओढून घेते, सात-आठ वर्षांच्या पोरांचं ते काम नाही. अर्थात तुमची लेक तुम्हालाच माहीत, काही पोरं लय धीट असतात. डिस्नेचा १९३७ चा जुना लावा. त्यात हिमगौरी नक्की आहे, मी दोनदा चेक केलंय. फक्त म्हातारी सफरचंद घेऊन येते तेव्हा तेवढं शेजारी जाऊन बसा.